साहेबांची सोय

आमच्याकडे एक सरडा आहे. हातभर लांब, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी. काचेच्या पेटीत दिव्याखाली बसून तो कुणाकडे न बघता जगाकडे बघतो, म्हणून लेकीनं त्याचं नाव साहेब ठेवलं. सरडा लेकीचा. लेक मात्र आता आमच्याकडे नाही.

दोन वर्षांपूर्वी बापलेकीचं वाजलं. निमित्त तिनं सोडलेल्या नोकरीचं होतं, पण शब्दाला शब्द वाढत गेला आणि आमचे हे ओरडले, "या घरात एक तर तो सरडा राहील, नाहीतर मी!" झालं. बाप राहिला, सरडाही राहिला, गेली ती पोरगी. तिच्या नव्या खोलीत जनावर चालत नाही, म्हणून साहेब इथेच. दर रविवारी सहा वाजता तिचा फोन येतो. "दाखव," म्हणते. मी फोन काचेसमोर धरते. दहा मिनिटं ती साहेबांशी बोलते, मला विचारते कॅल्शियम दिलंस का, आणि ठेवते. मी दहा मिनिटं हात अवघडून उभी असते आणि तिचा आवाज ऐकते. सरडा मेला तर तो फोनही बंद होणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी त्याला कधी जीव लावला नाही. जपला मात्र पोटच्या पोरासारखा.

अशात ह्यांच्या कारखान्यानं निवृत्तीची भेट म्हणून तळ्याकाठच्या विश्रामगृहात तीन दिवसांची खोली दिली. शुक्रवारी जायचं, रविवारी दुपारी परत. म्हणजे सहाच्या आत घरी. अकरा वर्षांत आम्ही कुठे गेलो नव्हतो. पण साहेबांना बघणार कोण?

जाऊबाई म्हणाल्या, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत. द्या बागेत सोडून." जनावरांच्या डॉक्टरांकडे फक्त कुत्री-मांजरी. मी दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेते, तिथे येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. नुकती दाढ काढलेल्या, तोंडात बोळा धरून बसलेल्या गृहस्थांनाही विचारलं. बोलता येईना तर त्यांनी दोन्ही हात जोडले. नाकी नऊ आले. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या टेलरबाई तयार झाल्या. त्यांची एकच अट, "हात लावणार नाही. चिमट्यानं पाला टाकीन, किड्यांची डबी उघडून उपडी करीन आणि येईन." मी अक्षरशः त्यांच्या पाया पडले. शुक्रवारचं खाणं मी घालून जाणार होते, शनिवारी दुपारी त्या येणार होत्या. बाहेर कडाक्याची थंडी. "दिवा तेवढा चालू असू द्या, तोच त्याचा प्राण आहे," असं मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

शनिवारी साडेबाराला त्यांचा फोन आला. आम्ही नुकते जेवायला बसलो होतो.

"अहो, तुमच्या घरात वीजच नाही. खिडक्या बंद, सगळीकडे अंधार आणि बर्फासारखं गार. आणि तो ना, काळा पडलाय. हलत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घास खाली ठेवला, पँटच्या खिशात हात घातला आणि लाल दोरा बांधलेली एक छोटी किल्ली बाहेर काढली. तिच्याकडे असं बघत राहिले की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

हे तेहेतीस वर्षं इलेक्ट्रिशियन. त्यांच्या कामाचा नियम असा, की ज्यानं वीज बंद केली त्यानंच आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे आत कुणी काम करत असताना दुसरा कुणी चालू करणार नाही. एकदा कुणीतरी घाईत वीज चालू केली आणि त्यांच्या जोडीदाराचे दोन्ही हात गेले होते. तेव्हापासून घरातही तेच. गावाला निघताना मेन स्विच बंद, स्विचच्या पेटीला कुलूप.

"दिवा आहे हे माहीत होतं ना तुम्हाला!"

"होतं गं," ते म्हणाले. "हातानं केलं. मला कळलंच नाही."

एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण त्यांचा चेहरा बघवेना.

फोनवरून टेलरबाईंच्या विनवण्या केल्या. कुलूप तोडा म्हटलं, तर त्यांच्या कात्रीचं टोक मोडलं. तुमच्या घरी न्या म्हटलं, तर रडवेल्या झाल्या. "नाही हो, मला नाही जमणार, मी आधीच सांगितलं होतं." गरम पाण्याची पिशवी तेवढी चिमट्यानं ढकलून आत सरकवली बिचारीनं. आम्ही ताटं तशीच टाकून बस पकडली. चार तास. तळं मी खिडकीतून एकदाच बघितलं, निघताना.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ह्यांची किल्ली काही केल्या कुलपात जाईना. मी ती हिसकावून घेतली आणि उघडलं. दिवा लागला. साहेब पिशवीला टेकून पडले होते, कोळशासारखे. पिशवी कधीच गार झाली होती. मी हात लावला. गार चामडं.

"तिला फोन कर," हे म्हणाले.

"काय सांगू? मारला म्हणून सांगू?"

"मी मारला म्हणून सांग. पण तिलाच माहीत असेल काय करायचं ते. कर."

आमच्याकडून केलेला फोन ती कधीच उचलत नाही. तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा उचलला. "आज शनिवार आहे," ती म्हणाली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि आता ठेवते की मग ठेवते म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले.

"दिव्याखालून बाहेर काढ," ती म्हणाली. "एकदम उष्णता नको. अंगाशी धर. स्वेटरच्या आत, छातीवर. हळूहळू तापू दे. आणि फोन समोर ठेव, मला त्याचं तोंड दिसू दे."

मी त्याला उचललं. माझ्या गळ्याखाली त्याचं डोकं आलं. ह्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. लेक बघत राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच फोनचं तोंड माझ्याकडे होतं.

मग म्हणाली, "आई, तुझे केस कधी एवढे पांढरे झाले?"

"झाले असेच," मी म्हणाले.

"बाबा कुठेत?"

हे खाली फरशीवर बसून पिशवीत नवं पाणी भरत होते. तिथूनच म्हणाले, "चूक माझी आहे. आजचीही आणि तेव्हाचीही."

लेकीनं ऐकलं. मग म्हणाली, "पाणी कोमट घ्या, बाबा. कढत नको."

ह्यांनी पिशवी ओतून टाकली आणि पुन्हा भरली. ती सांगत राहिली, आम्ही करत राहिलो. मध्येच तिनं विचारलं, जेवलात का. मध्येच सांगितलं, नवी नोकरी लागलीय, पायी जाता येतं. सहा वाजून गेले, साडेसहा झाले. खिडकीबाहेर अजून थोडा उजेड होता.

तेवढ्यात माझ्या छातीवर काहीतरी टोचलं. एक नखी. मग दुसरी. मी मान खाली घातली. साहेबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला.

मी स्वेटरची कॉलर जरा वर ओढली.

"आई, हलला का गं तो?"

"अजून नाही," मी म्हणाले.

ह्यांनी ती नखी बघितली होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते फोनजवळ सरकून बसले.

"नाही गं," ते म्हणाले. "वेळ लागेल असं दिसतंय. तू ठेवू नकोस."