खेकडे बाहेर येईपर्यंत

शिक्षकांना शिकवण्याइतकं जिकिरीचं काम दुसरं नाही. नववी-दहावीला विज्ञान शिकवणारी ही मंडळी जूचंद्रच्या खाडीत उतरली आणि खारफुटी बघायच्या आधीच एकमेकांना खारफुटी शिकवायला लागली. प्रशिक्षण माझ्याकडे होतं आणि वयाने मीच सगळ्यांत धाकटी. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मोबाइल माझ्या पिशवीत टाका. आपापली बादली उलटी घालून लांब लांब, एकेकटे बसा. खेकडे बिळाबाहेर येईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. शिट्टी वाजली की बांधावर या."

भरतीचं पाणी आत शिरायच्या आधी मी शिट्टी वाजवली. सगळे आले, एक प्रेमलाबाई सोडून.

"येतील हो," सुधाकर सर म्हणाले. मी पुन्हा शिट्टी वाजवली, हाका मारल्या. झाडीतून ओ नाही. पाणी मात्र चढू लागलं होतं. फोन करावा, तर बाईंचा मोबाइल माझ्याच पिशवीत! बाईंच्या घरी काय सांगणार होते मी?

सरांना बांधावर थांबवून मी चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत रुतत, तिवरांच्या फांद्या धरत, कधी बाईंना तर कधी देवाला हाका मारत. आयुष्यात कधी नवस बोलले नव्हते, तोही बोलून झाला.

आणि बाई दिसल्या. उलट्या बादलीवर ताठ बसलेल्या, पावलं पाण्यात, नजर समोरच्या उंचवट्यावर. तिथे एक खेकडा आपली एकुलती एक मोठी नांगी हलवत उभा होता.

"बाई! हाका ऐकू आल्या नाहीत?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आल्या की. पण शिट्टीला सगळे आत पळाले, आत्ता कुठे हा एक आलाय. तूच म्हणालीस ना, बाहेर येईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही?"

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले. चक्क भोकाड पसरलं. खेकडा बिळात पळाला.

"घालवलास ना!" म्हणत बाई वळल्या, माझं तोंड पाहिलं आणि बादलीवरून उठल्या. मग हळूच म्हणाल्या, "चल, बाळा."

मी त्यांचं मनगट धरलं. पोटरीभर पाण्यातून, एकमेकींना ओढत आम्ही बांध गाठला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सरांनी बाईंना पाणी दिलं, कुणी टॉवेल आणला.

"हेमाली, सोड आता," बाई म्हणाल्या. "बांगडी रुततेय."

"रुतू दे," मी म्हणाले.