फास काढलेली शिंगं

मकबूलच्या हिंगोलीतल्या दुकानात एक जाड अल्बम होता आणि त्यातलं झाडून सगळं जनावर मेलेलं होतं. वाघ, बिबटे, नीलगायी, काळविटं. प्रत्येकाच्या मानेवर कोणाचा ना कोणाचा बूट. बापानं छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे फोटो काढले, मकबूल जहागीरदारांचे काढत होता. मेलेल्या जनावराची बाहेर आलेली जीभ आत ढकलायची, नाकातलं रक्त पुसायचं, डोळ्यांवरून ओलं बोट फिरवायचं म्हणजे ते चमकतात. बापानं त्याला हे काम कॅमेऱ्याच्या आधी शिकवलं होतं.

१९३७ च्या फाल्गुनात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मकबूलला एकच गोष्ट हवी होती. जिवंत काळवीट. माळावर, उन्हात, आपल्या तोऱ्यात असलेलं.

सेनगावच्या अलीकडे किसनरावांचा माळ होता. तिथं एक काळा नर पंधरा-वीस माद्या घेऊन राहायचा आणि रावांचा हरभरा खायचा. रावांनी मकबूलला आनंदानं परवानगी दिली. फोटोखाली आपलं नाव यावं, एवढीच त्यांची अट. मदतीला त्यांनी देवला पारध्याला लावून दिलं. देवलाचं पाल त्याच माळाच्या कडेला पडलं होतं. त्याची बायको मिराबाई सात महिन्यांची गरोदर होती आणि प्यायचं पाणी रावांच्या विहिरीचं होतं.

तीन दिवस देवलानं मकबूलला आपल्या शिकवलेल्या बैलाआडून माळभर फिरवलं. बैल चरत चरत पुढं सरकायचा, हे दोघं त्याच्या पोटाआड वाकून चालायचे. बैलाच्या पाठीवर कॅमेरा टेकवून मकबूल त्याच्या वरच्या झाकणातल्या काचेत बघायचा. पण दीडशे पावलांच्या आत काळा कधी येऊ देईना. तीन दिवसांत काचेच्या नऊ प्लेटा गेल्या, एका फोटोला एक, आणि नऊही प्लेटांवर माळ होता नि माळावर मुंगीएवढे ठिपके होते.

"ह्यो असा न्हाई येत," तिसऱ्या दिवशी देवला म्हणाला. "सख्याला सोडला तर पायाशी येईल."

सख्या म्हणजे देवलाचा पाळलेला काळवीट. त्याची आई फासात सापडली तेव्हा तो मांजराएवढा होता. मिराबाईनं शेळीच्या दुधावर त्याला वाढवला. आता त्याची शिंगं पिळदार दीड हात झाली होती आणि त्या शिंगांना देवला तातीचे, आतड्याच्या दोरीचे, बारीक फास बांधायचा. रानातला नर दुसऱ्या नराला आपल्या जागेत उभा राहू देत नाही, धावून येतो. शिंगाला शिंग भिडलं की फास आवळतात. मग सख्या मान खाली घालून जागच्या जागी घट्ट उभा राहायचा आणि दहा श्वासांच्या आत देवला सुरी घेऊन पोचायचा. अशा चौदा झुंजी सख्यानं केल्या होत्या. एकीतही त्याच्या अंगावर ओरखडा आला नव्हता.

पालापाशी बसून मकबूलनं सख्याची शिंगं निरखली. तातीची वेटोळी उन्हात स्पष्ट दिसत होती.

"हे फास काढावे लागतील."

देवला हसला. "फास काढल्यावर काळा पळून न्हाई का जायचा, मिया?"

"जाऊ दे. मला तो पकडायचा नाही. फास दिसले तर कोणीही म्हणेल, ही पारध्याची शिकार आहे. मला खरी झुंज पाहिजे."

चुलीपाशी मिराबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "त्यला लढता येत न्हाई, मिया. त्यला धरता येतंय."

"चौदा लढाया जिंकला म्हणता ना?"

"लढाया तुमी म्हणून राहिले. आमी कुठं म्हणलं?"

मकबूलला वाटलं, हातानं वाढवलेलं लेकरू आहे, बाई घाबरणारच.  देवलानं मात्र विषय टाळला आणि संध्याकाळी किसनराव छकड्यातून आले तेव्हा हात जोडून नको म्हणाला.

"काहून रे देवल्या?" राव म्हणाले. "हरणाची एवढी काळजी? तुझ्या पोटात गेली ती काय शेवग्याच्या शेंगा होत्या?" छकड्याबरोबरचे गडी हसले. मग रावांनी आवाज खाली आणला. "मिया म्हणतील तसं कर. न्हाईतर उद्या पाल उचल. बाईला घेऊन जा कुठं पाणी मिळंल तिकडं."

सकाळी दव सुकायच्या आत देवलानं फास सोडले. मिराबाई पालाबाहेर आली नाही.

काळा आपल्या जागेवर उभा होता, लेंड्यांच्या जुन्या राशीपाशी. देवलानं सख्याला सोडलं आणि दोघं बैलाआड आले. मकबूलकडे तीन प्लेटा उरल्या होत्या. एक कॅमेऱ्यात, दोन पिशवीत. किसनराव दूर बाभळीखाली छकड्यात बसून बघत होते.

सख्या सवयीनं चालत गेला. काळ्यानं नाक वर केलं, शिंगं पाठीवर टेकवली आणि घशातून घुरघुर काढत येऊ लागला. तो खरोखरच पायाशी आला, पन्नास पावलांवर. मग मान खाली गेली आणि तो सुटला.

लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. मकबूलनं कळ दाबली. वापरलेल्या प्लेटेची चौकट ओढून काढली. टकरीचा झटका एवढा होता की पहिली प्लेट हललेली निघणार हे त्याला तेव्हाच कळलं. शिंगांत शिंगं अडकून दोघं अर्धा फेरा फिरले, धूळ उडाली. आणि मग सख्यानं शिकलेलं काम केलं. मान खाली घातली, पाय रोवले आणि तो उभा राहिला.

काळ्याला काहीच धरून नव्हतं. त्यानं शिंगं सोडवली नि मागं सरला. समोरचा नर पळतही नव्हता, उलटतही नव्हता.

देवला उठला. मकबूलनं त्याचं मनगट पकडलं.

"थांब. बैल हलेल. एकच काढू दे."

"मिया, त्यो माझी वाट बघून राहिला—"

"एकच!"

दुसरी चौकट बसवायची, तिच्यावरचा पत्रा ओढायचा, कळ चढवायची. दहा श्वास लागतात. एका हातानं हे होईना म्हणून मकबूलनं मनगट सोडलं, पण देवला हलला नाही. विहीर, पाल, बाभळीखालचा छकडा, सगळं त्याच्या पाठीवर बसलं होतं. झाकणातल्या काचेत मकबूलला दोघं आडवे, स्वच्छ दिसले. काळ्यानं शिंगं खाली घेतली. कळ वाजली. लगेच शिंग सख्याच्या खांद्यामागं घुसलं.

सख्या ओरडला तो बकऱ्यासारखा. देवला धावत सुटला. पिळाचं शिंग बरगड्यांत अडकलं होतं. काळा ते काढायला मान हिसडत होता आणि प्रत्येक हिसड्याला सख्याला दोन हात फरफटवत होता. देवलानं त्याचा मागचा पाय धरला तेव्हा दुसरा खूर त्याच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत आलं तरी त्यानं पाय सोडला नाही. तो काळ्याच्या अंगावर पडला, गळा चाचपला आणि सुरी ओढली. गरम रक्ताची चिळकांडी त्याच्या छातीवर आली. काळा पाय झाडत राहिला, मग थांबला.

सख्या अजून जिवंत होता. फाटलेल्या कुशीतून त्याचं आतडं मातीला लागलं होतं. देवलाचा वास आल्यावर त्यानं मान उचलली. देवलानं त्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि तीच सुरी पुन्हा वापरली.

बाभळीखालून छकडा निघाला होता. मकबूल कॅमेरा गळ्यात घालून जवळ आला. राव येतील, मानेवर बूट ठेवतील, फोटो मागतील. एक प्लेट शिल्लक होती. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचे हात आपोआप पुढं झाले होते. तो सख्यापाशी गुडघ्यांवर बसला, उपरण्यानं नाकातलं रक्त पुसलं आणि बाहेर लोंबणारी जीभ दोन बोटांनी आत ढकलली.

देवलानं त्याचा उजवा पंजा धरून जमिनीवर दाबला आणि दगड घातला. एकदा. मग पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज मकबूलला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तिसऱ्यांदा दगड वर गेला तेव्हा मकबूलनं दुसरा हात आडवा धरला नाही. तो हात पिशवीवर होता, प्लेटांवर. देवलानं ते पाहिलं. दगड बाजूला टाकला आणि तो सख्यापाशी जाऊन बसला.

"वा मिया!" छकड्यातून उतरता उतरता किसनराव म्हणाले. "एकाच्या जागी दोन! काढा आता आमचा—" मग त्यांना पंजा दिसला. "हे काय झालं?"

"बैलाचा पाय पडला," मकबूल म्हणाला.

बैल पन्नास पावलांवर चरत होता. रावांनी बैलाकडे पाहिलं, मग देवलाच्या छातीवरच्या रक्ताकडे. त्यांच्या गड्यानं काठी सरळ केली.

"देवल्यानं हात टाकला का? नुसतं व्हय म्हणा. इथंच तंगड्या मोडतो त्याच्या."

"बैलाचा पाय पडला, राव. मी सांगून राहिलो ना."

"बैलाचा पाय मनगटाखालीच पडतो व्हय बराबर?"

मकबूलनं पंजा उपरण्यात गुंडाळला. 

"मग आमच्या फोटोचं काय?"

"ह्या हातानं आता काही निघणार नाही."

रावांनी शिवी हासडली. गड्यानं जाता जाता एक काठी देवलाच्या पाठीत घातलीच, कारण कोणीतरी मार खाल्ल्याशिवाय ती सकाळ पुरी होणार नव्हती. काळा छकड्यात पडला. सख्याला देवलानं खांद्यावर घेतलं. दुपारी मकबूलला गाडीत घालून हिंगोलीला नेताना त्यानं मान वळवून पाहिलं. माळाच्या कडेला चुलीचे तीन दगड होते, पाल नव्हतं.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पंधरा दिवसांनी, अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, त्याची बायको खुर्शीदबी त्याच्या सांगण्याप्रमाणे प्लेट औषधात हलवत होती. पहिली हललेलीच निघाली. दुसरी हळूहळू उमटली तेव्हा तिच्या तोंडून "या अल्ला" निघालं. उन्हातला माळ, दोन काळविटं, उडालेली धूळ, केस न् केस मोजावा असा. एवढं जिवंत जनावर तिनं त्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

ती काचेवर वाकली.

"ह्याचे दोन्ही कान मानेला चिकटलेत. ह्या दुसऱ्याचा एक कान काहून आपल्याकडं वळलाय?"

मकबूलनं डाव्या हातानं तिच्याकडून प्लेट घेतली आणि पाण्यात सोडली.

"तो पावलं ऐकून राहिला," तो म्हणाला.