लक्ष्मीबाईची पुरचुंडी

"आता हे आयकसान तं म्हनसान, म्हातारा फेकून राह्यला. कोनी खरं मानाचं नाही! खोटं निघालं तं माही मिशी काढा!" मारुतीच्या पारावरून चंपतराव गरजला.

"मिशी हाय कुठं?" कढईपाशी बसलेला उत्तमराव म्हणाला. "मागच्या थापीत गमावली ना तुमी!"

सारी पंगत हसली. आजवर चंपतरावाने आपल्या थापांत पैनगंगेतल्या मगरीला भजनाला बसवलं होतं, निर्मल गावच्या लाकडी पोपटाला मिरची चारली होती. पण ती सगळी गंमत. लपवण्यासाठी थाप मारायची ही पहिलीच वेळ.

आज सप्ताहाची सांगता होती. घरटी एक भाकर गोळा करायची, एकाच कढईत दह्यात कुस्करायची, की झाला काला. जैनथहून आलेल्या महाराजांनी सातही दिवस बजावलं होतं, काल्यात पडलेला घास कोणाच्या घरचा, हे देवालाही ओळखू येत नाही. तेव्हा सगळ्यांत जोरात मान डोलावली ती चंपतरावानेच. पांदणीपलीकडच्या घरांचा घास बापजाद्यांपासून काल्यात पडला नव्हता. यंदा घ्यायचं ठरलं, तर आवतण द्यायलाही तोच गेला. "लक्ष्मीबाई, तुमच्या भाकरीबिगर काला गोड लागाचा नाही."

आणि सकाळी लक्ष्मीबाईने फडक्यात बांधलेली पुरचुंडी पुढे केली, तेव्हा त्याने ती चिमटीत धरली. त्याच्या हाताने मनाला विचारलंसुद्धा नाही; पुरचुंडी सरळ पखवाजाच्या खोळीमागे सारली.

काला कालवून झाल्यावर लक्ष्मीबाईने सगळ्यांदेखत विचारलं, "चंपतभाऊ, माहं पडलं ना काल्यात?"

"माह्या हाती तं नाही आलं," काला कालवणारा उत्तमराव म्हणाला.

मग चंपतरावाला पारावर चढावंच लागलं.

"लाल तोंडाचं वांदर आलं," तो सांगू लागला. "पायऱ्या चढून मारुतीले हात जोडले. इतक्या भाकरी पडल्या व्हत्या, एकीलेही शिवलं नाही! नेमकी लक्ष्मीबाईची पुरचुंडी उचलली, गाठ सोडली, अन् भाकरीचा पह्यला तुकडा देवापुढं ठेवला!"

"तो तुकडा कुठं हाय?" पंगतीतून कोणीतरी विचारलं.

"मुंगळ्याईनं नेला."

पुन्हा हशा पिकला. तरी दोघा-चौघांनी मारुतीकडे पाहून हात जोडलेच. एक म्हातारी म्हणाली, "बाई, नशीबवान तू. देवानं तुह्याच हातचं खाल्लं."

बाईला कढईबाहेर ठेवायला चंपतरावाने देवाला कामाला लावलं होतं. खोळीकडे बघायची त्याची छाती होईना. तिच्याकडे तर नाहीच. म्हणून तो आणखी जोरात बोलला, "काय भाकर व्हती! पांढरीफेक, वरून तीळ!"

लक्ष्मीबाई तेवढी हसत नव्हती.

"भाकर पाह्यली तुमी, भाऊ?"

"या डोळ्यानं!"

"पुरचुंडीत लाह्या व्हत्या," ती म्हणाली. "म्हनलं, माह्या हातच्या पान्यात मळलेली भाकर कोनाले खपते, कोनाले नाही. लाह्याले तं पानी लागत नाही. वांदराचं सोडा, भाऊ. गाठ तं तुमीबी नाही सोडली."