निळ्या दिव्याची अंधारपरीक्षा

मित्रांनो, मी एक जुना निळा दिवा आहे. जन्मलो माशांच्या काचपेटीसाठी. माझा उजेड इतका प्रखर, की पहिल्याच दिवशी सगळ्या माशांनी डोळे गच्च मिटले. माशांना पापण्या नसतात म्हणे. नसू देत. मी तिथं होतो, तुम्ही नव्हता.

पुढं संशोधन करणाऱ्या एका ताईनं मला तिच्या प्रयोगशाळेत आणलं. समोर बाटल्या, पाठीशी पंखा. तिचं काम मोठं नाजूक. कितीतरी औषधांच्या रेणूंत सहा कोपऱ्यांचं एक कडं असतं. त्याच्या एकाच ठरावीक कोपऱ्यावर नायट्रोजनचा छोटासा गट बसवायचा, अमिनो गट म्हणतात त्याला. जुन्या पद्धतीत जहाल आम्लं ओता, तापवा, आणि एवढं करून गट भलत्याच कोपऱ्यावर! ताईच्या बाटलीत माझा उजेड पिणारं रंगद्रव्य होतं. ते कड्याला असं डिवचायचं, की गट मुकाट हव्या त्या जागी बसायचा. चार वर्षं मी तापलो. लोक मुद्दाम बघायला यायचे. मी फुगून टम्म!

एकदा ताईच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "अगं, एक बाटली अंधारात ठेवून बघितलीस? उजेडाशिवाय होत असेल, तर तुझा दिवा नुसता शोभेचा."

शोभेचा? मी?

ताईनं एक बाटली चंदेरी कागदात गुंडाळून माझ्याशेजारी ठेवली. इतर बाटल्यांसाठी मी जळतच होतो. संध्याकाळी तपासलं, तर अंधारातल्या बाटलीतही तोच पदार्थ! थोडा, पण होता. परत केलं, परत तेच. ताईनं वही आपटली. "चार वर्षं पाण्यात गेली!" मी म्हटलं, म्हणजे मी फुकटच जळलो?

तिसऱ्या दिवशी बाई खुर्ची ओढून बसल्या. अर्ध्या तासात ताईनं कागद सोलला, आत डोकावून पाहिलं, पुन्हा गुंडाळला. थोड्या वेळानं परत.

"हे काय गं?"

"झालंय का बघतेय. राहवत नाही, बाई."

"माझे आई! दिव्यापुढं कागद सोलतेस आणि त्याला अंधार म्हणतेस?"

नवी बाटली कपाटात गेली, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. दिवसभर ताईनं नखं खाल्ली. मला नखं नाहीत, म्हणून मी लुकलुकलो.

संध्याकाळी ताई किंचाळली, "काही नाही! बाई, काहीच झालं नाही!" आणि दोघी चक्क नाचल्या.

आता मी मंदावलोय, फळीवर धूळ खातोय. महिन्यातून एकदा फडकं मारलंत तर बरं वाटेल. आणि मित्रांनो, ज्याची काळजी वाटते त्याला घटकाभर झाकलेलं राहू द्या. माझ्यावाचून काहीच घडलं नाही, म्हणून कुणीतरी नाचलं. एवढं कौतुक मला चार वर्षं जळूनही मिळालं नव्हतं.