बाईंच्या बाजूची धूळ

देवानं माणसाला सात वार दिले. त्यातला रविवार मास्तरांनी गाडीला देऊन टाकला होता.

मास्तर शाळेतले नव्हेत. तीस वर्षं त्यांनी ग्रंथालय सांभाळलं आणि वाचणाऱ्यांना असं धाकात ठेवलं, की हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पुस्तकावरून बोट फिरवायचं आणि बोटाकडे बघून मान हलवायची, ही त्यांची जुनी खोड. निवृत्तीनंतर पुस्तकं सुटली, बोट सुटलं नाही. ते गाडीवर फिरू लागलं. गाडी चौदा वर्षांची, सायीच्या रंगाची. दर रविवारी आठाच्या ठोक्याला घरामागच्या फरशीवर दोन बादल्या यायच्या. एक साबणाची आणि दुसरी नुसता हातमोजा खळबळून घ्यायला, कारण साबणात वाळूचा एक कण राहिला तरी तोच गाडीभर ओरखडे काढत फिरतो. मग फडकी, फटींसाठी दात घासायचा जुना ब्रश आणि शेवटी मेण. आठाचे अकरा कधी वाजले, ते गाडीलाच ठाऊक.

आणि नेमकं दहा वाजता चौकातल्या सभागृहात प्रवचन असायचं. साधंसुधं नाही, गाऊन सांगितलेलं. गुरुजी दोन वाक्यं बोलायचे आणि तिसरं गायचे, आणि त्या तिसऱ्यासाठी माणसं लांबून यायची. मास्तरांची बायको, सगळ्या गल्लीची टेलरबाई, आठवडाभर मशिनवर वाकलेली पाठ तिथे जाऊन सरळ करायची. शेजारच्या खुर्चीवर ती पर्स ठेवायची. कुणी बसू का विचारलं की "येताहेत" म्हणायची. नऊ वर्षं ती पर्सच येत होती.

बाईंनी हे नवऱ्याला ऐकवलं नाही असं नाही. त्यांचं ऐकवणं कीर्तनासारखं, आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. पूर्वरंगात पाऊस फुकट गाडी धुतो तिथपासून सुरुवात, उत्तररंगात लग्नाच्या बायकोपेक्षा लोखंडाची बाई लाडकी इथपर्यंत मजल. मास्तर शांतपणे म्हणायचे की धूळ पाहुण्यासारखी असते, वेळेवर निरोप दिला नाही तर घरजावई होते.

एका रविवारी गल्लीच्या टोकाचा पेंटर, ज्याचा गाड्यांना रंग मारायचा कारखाना होता, काहीतरी रफू करून घ्यायला आला आणि या वादाच्या मधोमध सापडला. बाईंनी त्यालाच पंच केलं. मशिनवरचा खडू उचलला, बाहेर जाऊन गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध सरळ रेघ मारली. कापड बेतणारा हात, रेघ कुठे म्हणून हलली नाही.

"स्टिअरिंगची बाजू यांची," बाई म्हणाल्या. "माझ्या बाजूला तीन महिने कुणी हात लावायचा नाही. आतूनही नाही. मग तू डोळे बांधून हात फिरवायचा आणि धुतलेली बाजू कुठली ते सांगायचं. चुकलास तर रविवारी हे माझ्याबरोबर सभागृहात."

"आणि ओळखली तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर रविवारी मी तुमच्याबरोबर बादलीपाशी. जन्मभर."

बोलून गेल्या खऱ्या, पण जिभेचं हाड नसतं म्हणतात ते त्यांना रात्रीपर्यंत पटलं. रविवारचं ते गाणं गेलं, तर आठवड्यात उरतं काय? शिलाई आणि उसवाउसवी.

गल्लीला मात्र नवी करमणूक मिळाली. गाडी एका अंगानं नवरीसारखी आणि दुसऱ्या अंगानं वरातीमागून धावत आलेल्या वऱ्हाडासारखी. समोरच्या वहिनी रोज विचारायच्या, आज कुणाची अर्धी बाहेर चाललीय.

तिसऱ्या आठवड्यात बाई कपड्यांचा गठ्ठा पोचवायला निघाल्या, आपल्या सीटवर बसल्या आणि कळवळून उठल्या. टाचणी. खाली हात घातला तर आणखी चार, दोन हुक, एक बटण आणि दोऱ्याची गुंतवळ. गेली कित्येक वर्षं त्या याच सीटवर बसत होत्या, याच टाचण्या पदराला लावून. मग आजवर एकही कशी टोचली नव्हती?

मास्तर अजून घरात चपला शोधत होते. स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराच्या कप्प्यात बाईंना उत्तर मिळालं. घोड्याच्या नालासारखं छोटं लोहचुंबक आणि औषधाची एक रिकामी डबी. डबीत टाचण्याच टाचण्या. दर रविवारी नवरा आधी बाईंच्या सीटवरून चुंबक फिरवत होता, आणि याबद्दल एका शब्दानं बोलला नव्हता. बाईंनी डबी कानाशी नेऊन हलवून बघितली. मग डबी होती तशी ठेवली आणि स्वतःलाच म्हणाल्या, की म्हणून काय पैज हरायची?

बाईमाणसाचं मन आणि शिंप्याची कात्री, दोन्ही बाजूंनी चालतात. धूळ बसली तर दोन्ही बाजूंत फरक पडणार आणि बाई हरणार. म्हणजे फरक पडू द्यायचा नाही. बुधवारी दुपारी मास्तर जुन्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवायला जात. तेवढ्या दोन तासांत बाईंनी बादल्या काढल्या. न धुणं फायद्याचं हे सिद्ध करायला धुवायला बसल्या.

पहिल्या बुधवारी काम उरकलं. दुसऱ्या बुधवारी उरकावंसं वाटेना. आयुष्यभर कापड चिमटीत धरून ओळखलेली बोटं. त्यांना पत्र्यावर कुठे चीक बसलाय, कुठे पाखराची शिट मुरायला लागलीय, ते दिसायच्या आधी कळायचं. तिथे जोर लावायचा नाही, ओलं फडकं ठेवून वाट बघायची, जसा रेशमावरचा डाग काढतात. काचेखालच्या जाळीत ओंजळभर पानं कुजत होती. ती काढली तेव्हा पाणी खळखळत वाट काढून गेलं आणि बाईंनाच मोकळं वाटलं. दारावर जरासा खोलगट पोचा होता, लेकीनं गाडी शिकताना ती फाटकाला घासली होती तेव्हाचा. त्याच्यावरून फिरताना हात लेकीच्या डोक्यावरून फिरवल्यासारखा हळू व्हायचा. गुरुजींचं तिसरं वाक्य आपोआप ओठांवर यायचं, आणि त्याच्या ठेक्यात फडकं.

पण झाकली मूठ झाकलेलीच राहायला हवी. लखलखीत बाजू मास्तरांना दिसली तर संपलंच. म्हणून बाई तपकिरी खडू कुटून, पावडरच्या पफनं, अंगावर टाल्कम टाकावी तसा आपल्या बाजूवर उडवायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तीन गावांची धूळ. शेवटच्या बुधवारी तपकिरी खडू संपला, तेव्हा त्यात निळा मिसळला. कोण एवढं बघतंय?

पैजेच्या रविवारी पेंटर आला. त्यानं सांगितलं, आधी दोन्ही बाजूंवर नुसतं पाणी मारा. सुटी धूळ तशीही जाते, मुरलेली घाण राहते, खरी परीक्षा तिची. बाईंनी ओढणीचा तुकडा त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधला. वहिनी खिडकीत कोपर टेकून उभ्या.

मास्तरांनी नळी आधी आपल्या बाजूवर धरली, मग बाईंच्या बाजूवर. आणि सायीच्या रंगावरून निळे ओघळ निघाले. एक, दोन, पाच. फरशीवर येऊन त्यांचा शाळकरी मुलानं शाई सांडावी तसा ओहोळ झाला.  बाईंनी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं, की खोटं माझंच आहे, पण तेवढी एक खुर्ची.

डोळे उघडले तर मास्तर ओघळ बघत होते. दोन क्षण नळी जागच्या जागी थांबली. मग त्यांनी पाण्याची धार वाढवली, आणि निळा ओहोळ फरशीवरून ढकलत ढकलत, कोपरा न कोपरा पुसत, सरळ गटारात नेऊन सोडला. बायकोकडे बघितलंसुद्धा नाही.

पेंटरनं पंज्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली. तिच्यातून बारीकसा खरखरीतपणाही हाताला मोठा होऊन कळतो. मास्तरांची बाजू चाचपली, "चांगली आहे," म्हणाला. मग दुसरी. तिच्यावरून हात एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला.

"ही," तो म्हणाला. "धुतलेली बाजू ही. पैज लावा हवी तर."

त्यानं डोळे सोडले, स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते बघितलं आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, की मास्तर, नऊ वर्षं साबण वाया. मास्तर हसून म्हणाले, हरलो बुवा.

जिंकलेला माणूस इतका कासावीस झालेला कुणी पाहिला नसेल. बाईंनी नळी मास्तरांच्या हातातून काढून घेतली.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"सोंग पुरे. कधीपासून?"

"चौथ्या आठवड्यापासून," मास्तर म्हणाले. "माझं फडकं. मी ते पिळून टांगतो. बुधवारनंतर ते चार घड्या घालून ठेवलेलं असतं, इस्त्री केल्यासारखं."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, गाणं ऐकू येत होतं." ते थोडे लाजले. "तिकडे गोंद संपला म्हणून एकदा लवकर परतलो होतो, तेव्हा फाटकापाशी उभा राहिलो. तू आणि गाडी, दोघी एका जागी, आणि भांडण नाही. मी कशाला खोकू?"

बाईंनी मग सगळ्यांदेखत खडू कबूल केला, पफसकट. वहिनींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. पेंटरनं आता निवाडा कसा द्यायचा म्हणून डोकं खाजवलं, आणि शेवटी दिला तो धंद्याच्या शहाणपणाचा. धुणं वाया जात नाही, तो म्हणाला. चौदा वर्षांच्या पत्र्याला एक गंजाचा ठिपका नाही, हे काय उगाच? पण मास्तरांनी घासून घासून रंगालाच बारीक केसांएवढे चरे पाडलेत, आणि बाईंनी मळ निघेपर्यंत नुसती वाट बघितली. हात बाईंचा, चिकाटी मास्तरांची, आणि दर आठवड्याला गरज नाही, पंधरवड्यातून एकदा पुरे.

"बुधवारी," बाई म्हणाल्या.

"बुधवारी," मास्तर म्हणाले. "ग्रंथालय दुसऱ्या दिवशी ठेवतो."

आणि घड्याळात पावणेदहा झाले होते. मास्तर ओल्या विजारीनेच निघाले होते; बाईंनी त्यांना परत फिरवून ती बदलायला लावली.

सभागृहात बाईंनी सवयीनं पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि कुणीतरी घसा खाकरला, तेव्हा गडबडीनं उचलून मांडीवर घेतली. मास्तर बसले. गुरुजींनी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं. तिसरं गायला लागले, तसा मास्तरांचा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेका धरू लागला. दोन ठोक्यांनंतर हात थांबला. त्यांनी बोटाकडे बघितलं, मान हलवली आणि खिशातून रुमाल काढला.

बाई गाता गाता वळल्या. रुमाल ठेक्यात चालला होता, समेवर बरोबर येत होता. त्यांनी पर्समधून दुसरा रुमाल काढला आणि आपल्या समोरची खुर्ची पुसायला घेतली.