नटुभाईंचा वस्तरा

पेटलादच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात हाडांच्या ऑपरेशनला आलेला माणूस डॉक्टर अमीनना घाबरायचा, भुलीच्या सुईला घाबरायचा, पण दवाखान्याचे न्हावी नटुभाई लिंबाचियांना कधीच नाही. आदल्या संध्याकाळी नटुभाई वस्तरा घेऊन वॉर्डात यायचे, "चला शेठ, उद्या पायाचं लग्न, आज दाढी," म्हणायचे आणि गप्पा मारता मारता मांडीपासून घोट्यापर्यंत पाय असा गुळगुळीत करायचे की पेशंट स्वतःच त्यावरून हात फिरवत बसे. सव्वीस वर्षांत कुणाला एक ओरखडा नाही. जखमांचं सगळं काम सिस्टर सुमित्रा मेकवान बघायच्या. नव्या नर्सपोरींना त्या सांगायच्या, हात कसा असावा ते नटुभाईंकडे बघून शिका गं.

आणि आज त्याच सुमित्राबेन मलमपट्टीच्या खोलीत वही उघडी टाकून सुन्न बसल्या होत्या.

एखाददुसरी जखम नेहमीच चिघळायची, पण या दोन महिन्यांत तीन चिघळल्या होत्या. एकाला साखरेचा आजार होता. दुसरे रावजीभाई, तंबाखूच्या शेतात राबणारे. विडी पेटली तर तोंडात, विझली तर कानावर. त्यांच्या नडगीत रॉड घातला आणि टाक्यांतून जो पू सुरू झाला तो थांबेचना. या दोघांची कारणं समजत तरी होती. पण तिसरा पंचवीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी. ना साखर, ना विडी, ऑपरेशनही तासाभरात उरकलेलं. त्याचं का चिघळावं?

मधला एकच आठवडा असा होता की सगळ्या जखमा कोरड्या. त्या आठवड्यात नटुभाई मुलीच्या लग्नासाठी डाकोरला गेले होते. केसाळ पाय बघून डॉक्टर करवादले होते आणि सुमित्राबेननी आड येतील तेवढेच केस कात्रीने कापून वेळ मारून नेली होती.

वडोदऱ्याच्या ट्रेनिंगमध्ये त्यांनी ऐकलं होतं, की वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि सकाळपर्यंत त्यांत जंतू घर करतात. तेव्हा त्या मनातल्या मनात हसल्या होत्या. यांनी आमचे नटुभाई कुठे पाहिलेत!

उद्या अंबालाल मास्तरांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. साखर कशीबशी आटोक्यात आणलेली. नव्या खुब्याला जंतू लागला तर तो उपसून काढावा लागणार आणि मास्तर जन्माचे खाटेला खिळणार. गप्प बसून चालणार नव्हतं.

"नटुभाई, मास्तरांना आज वस्तरा नको."

"का? वस्तऱ्याला सुट्टी दिलीत की मला?"

सुमित्राबेननी सगळं सांगितलं. डाकोरचा आठवडाही सांगितला. नटुभाईंचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"सव्वीस वर्षं झाली, बेन. रक्ताचा एक थेंब दाखवा मला."

"थेंब दिसतच नाही, नटुभाई. तेच तर सांगतेय."

"म्हणजे लोकांचे पाय मी नासवले?"

नटुभाईंनी वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि समोरचा चहा तसाच टाकून ते निघून गेले. आता हा माणूस पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, असं सुमित्राबेनना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

सकाळी सात वाजता नटुभाई दारात उभे. लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. एक नडगी गुळगुळीत, दुसरीवर केस कापायच्या मशीनने कापलेले बारीक खुंट. हातात तुरटीचा खडा.

"बघा," म्हणाले. तुरटी ओली करून खुंटांवरून फिरवली. काही नाही. मग गुळगुळीत पायावरून फिरवली आणि दातांतून श्वास आत ओढला.

"झोंबतंय. सगळीकडे झोंबतंय, बेन. काल संध्याकाळी केली, जीव लावून केली. दिसतोय का कुठे ओरखडा?"

सुमित्राबेन वाकून बघत राहिल्या. एकही नव्हता.

"दाढीवर तुरटी झोंबते हे मला लहानपणापासून ठाऊक. गिऱ्हाईक ओय ओय करतं, आम्ही हसतो. का झोंबते, हे मी कधी विचारलंच नाही."

सुमित्राबेनचे डोळे भरून आले. हा माणूस ट्रस्टींकडे तक्रार घेऊन जाऊ शकला असता, दवाखाना डोक्यावर घेऊ शकला असता. त्याने रात्रभर स्वतःच्याच पायाची परीक्षा घेतली होती. एवढी छाती भल्याभल्या डॉक्टरांत त्यांनी पाहिली नव्हती.

राउंडला डॉक्टर अमीन आले, तेव्हा सुमित्राबेन तोंड उघडायच्या आत नटुभाईच पुढे झाले.

"साहेब, त्या तीन जखमा माझ्या वस्तऱ्याने बिघडल्या."

"अहो, सगळं स्वतःवर काय घेता?" डॉक्टर म्हणाले. "साखर असते, विडी असते, कधी ऑपरेशन लांबतं. हजार कारणं असतात."

"साखर आणि विडी ते घरून घेऊन आले, साहेब. वस्तरा आपण दिला."

डॉक्टरांनी नटुभाईंच्या हातातल्या मशीनकडे बघून होकारार्थी मान हलवली.

मास्तरांचे खुब्यावरचे केस त्याच सकाळी मशीनने कापले गेले. मास्तर कुरकुरले, "हे काय, अर्धं गवत तसंच ठेवलंत?" "राहू द्या मास्तर, देवाने उगाच नाही पेरलेलं," नटुभाई म्हणाले. चौदाव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी ठणठणीत. सुमित्राबेनचा जीव भांड्यात पडला.

पण या चौदा दिवसांत नटुभाई रावजीभाईंच्या खाटेकडे नेहमीची दाढी करायलाही फिरकले नव्हते. रावजीभाईंचा रॉड काढून, हाड साफ करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली होती. त्या दिवशी सुमित्राबेन पट्टी बदलायला निघाल्या, तेव्हा नटुभाई मुकाट्याने त्यांच्या मागोमाग गेले आणि खाटेपाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

रावजीभाईंचा हात सवयीने कानाकडे गेला. विडी नव्हती, सुमित्राबेननी कधीच बंद केली होती.

"चौदा दिवस झाले, तुझा पत्ता नाही," ते म्हणाले. "दाढी बघ माझी, झाडू झालाय नुसता."

"आता कुठल्या तोंडाने वस्तरा लावू, रावजीभाई?"

"लाव रे. माझ्या गालात काही रॉड घातलेला नाही."

आणि त्यांनी मान मागे टाकून गळा पुढे केला. नटुभाईंनी वस्तरा उघडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात थरथरत होता. तो थांबेपर्यंत रावजीभाई डोळे मिटून, गळा तसाच पुढे करून पडून राहिले.