बापाच्या समोर

माझं तोंड तिखट आहे हे मध्य प्रदेशातल्या अर्ध्या बालाघाटला माहीत होतं. मी तेव्हा तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते. 'आशालताबाईंची ड्यूटी आहे' असं कळलं की बाया निवांत व्हायच्या आणि त्यांचे नवरे, सासरे, भाऊ मुकाट्याने वऱ्हांड्यात जाऊन बसायचे. पुरुष मला घाबरायचे, आणि त्याचं मला कधीही वाईट वाटलं नाही.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात खैरलांजीकडच्या एका गावातून फुलवंता नावाची मुलगी आली. आली म्हणजे जीपमध्ये आडवी घालून आणली. आठवा महिना नुकता लागलेला, हातापायांवर सूज, वाटेत दोनदा झटके आलेले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तातडीने सीझर केलं. मुलगी झाली. वजन तेराशे ग्रॅम. माझ्या एका पंजावर मावली, आणि माझे पंजे काही मोठे नाहीत.

फुलवंता शुद्धीवर नव्हती. वॉर्डात ऊब देणारी एकच पेटी होती आणि तिच्यात आधीच दोन बाळं होती. नागपूरला पाठवावं तर आईला हलवता येत नव्हतं, आणि एकट्या बाळाला त्या थंडीत जीपने नेलं असतं तर ते वाटेतच गार पडलं असतं. डॉक्टरीणबाई त्याच वर्षी एका शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आशा, माणसाची छाती हीच पेटी. उघड्या छातीशी बाळ बांधायचं, वरून पांघरूण घालायचं, दिवसरात्र. आई नाही तर दुसरं कोणी. ऊब तुटली की खेळ संपला."

देव तारी त्याला कोण मारी, हे म्हणायला ठीक आहे. पण तारायला देवालासुद्धा कोणाची तरी छाती लागते. मी वऱ्हांड्यात गेले.

तिथे तीन माणसं होती. बाळाची आजी गोदाबाई, पण ती महिनाभर खोकत होती, तिला बाळाच्या वाऱ्यालाही उभं करायचं नव्हतं. आजोबा नथ्थू, साठीचे, काटक, धोतर आणि बंडी. आणि बाळाचा बाप धर्मेंद्र, चोवीस-पंचवीसचा, खांबाच्या मागे उभा. मी बाळाला शालीत गुंडाळून थेट त्याच्याकडे नेलं.

"शर्ट काढा. पोरीले छातीशी धरा लागते."

तो दोन पावलं मागे सरकला. बापाकडे बघितलं, मग जमिनीकडे. "सिस्टर, बाबूजी बैठे हैं," तो हळूच म्हणाला.

"त मंग?"

"बाबूजींच्या समोर कसं घेऊ?"

मला कळायला वेळ लागला नाही, कारण आमच्या घरीही हेच होतं. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. उचललं तर तो निर्लज्ज. माझ्या वडिलांनी तहसील कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, शहाणा माणूस, पण आजोबा असेपर्यंत त्यांनी मला कडेवर घेतल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मी तापाने फणफणले की ते दारात उभे राहून आईला विचारायचे, "कशी आहे?" बस, तेवढंच. आता हा धर्मेंद्र. नथ्थूबाबा नळावर गेले की तो धावत दाराशी यायचा, मान लांब करून बाळ बघायचा. त्यांचा खोकला ऐकू आला की पुन्हा खांबामागे. मला त्याची कीवही यायची आणि दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटायच्या.

वाद घालायला सवड नव्हती. आजोबाने नात उचलायला मात्र कुठलीच आडकाठी नसते. मी नथ्थूबाबांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबाजी, बंडी काढा."

"मी?" ते उठूनच उभे राहिले. "बाई, मले नाही जमत. माह्या हातातून पडन ते."

"पडत नाही. मी बांधून देतो."

लुगड्याच्या पट्टीने मी पोर त्यांच्या छातीवर बांधली, वर घोंगडी टाकली. म्हातारा दगडासारखा बसला. श्वास घ्यायलाही घाबरत होता. मी म्हटलं, "बाबाजी, तुम्ही श्वास घ्या, मंग तेही घेईन." तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. थोड्या वेळाने बघते तर खाली वाकून ते तिला सांगत होते की घरी धान कापून पडलंय, मळणी राहिली आहे, तरी तू काळजी करू नको.

चार दिवस ते बसून राहिले. दिवसा उन्हात, दक्षिणेच्या भिंतीला टेकून. रात्री खाटेवर, अर्धे बसून. जेवायला आणि नळावर जायला जेवढा वेळ, तेवढाच वेळ पोर माझ्या नाहीतर दुसऱ्या सिस्टरच्या शालीत. गोदाबाई दूर उभी राहून पदर तोंडाला लावून बघायची. आम्ही दर दोन तासांनी चमच्याने थेंब थेंब दूध पाजायचो. फुलवंता तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, पण तिला उठून बसायचंही त्राण नव्हतं. आणि बाळाचं वजन घटत होतं. तेराशेचं बाराशे ऐंशी, मग बाराशे चाळीस, मग बाराशे वीस. सुरुवातीला घटतंच, हे मला माहीत होतं. तरी दर वेळी काट्याची सुई आधी शून्यावर आहे ना, हे मी तपासून बघायचे. घरच्यांना मी आकडा सांगितला की नथ्थूबाबा घोंगडी आणखी ओढून घ्यायचे.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टी सोडायला गेले तर त्यांचं अंग चटका बसावा इतकं तापलेलं. मी झटकन पोर काढून माझ्या शालीत घेतली.

"बाबाजी, तुमाले ताप हाय. आता तुम्ही तिच्याजवळ यायचं नाही."

"मंग कोन?"

मी खांबाकडे बघितलं. आत बारा बाळंतिणी, त्यातली एक कळा देत होती, आणि माझ्या शालीत हे बाराशे वीस ग्रॅमचं जग. आता मात्र माझं तोंड सुटणार होतं. धर्मेंद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला मी शब्दही जुळवले होते.

त्याआधीच नथ्थूबाबा बोलले. भिंतीला टेकून, घोंगडीत कुडकुडत.

"धर्मेंद्र, इकडं ये. कमीज काढ."

"बाबूजी, तुम्ही बसून हाओ..."

"हौ. बसून हाओ. उठून जात नाही." त्यांचा आवाज ताप आल्यासारखा नव्हता, ठणठणीत होता. "तुह्या आंधी मले दोन लेकरं झालते. मोठी पोरगी, मंग पोरगा. तुह्या मायनं सांगितलं असन तुले."

धर्मेंद्रने मान हलवली.

"माहे आबा ओसरीवर बसून राहात. म्हनून मी त्याइले कधी हातात नाही घेतलं. एक दिवस बी नाही. जिते होते तवा नाही घेतलं. घेतलं ते कवा? पुरायले नेलं तवा. तवा कोनी नावं ठेवत नाही, तवा बापानंच नेवा लागते." गोदाबाई तिकडे तोंड फिरवून उभी होती. "ते वजन आजबी माह्या हातात हाय, पोरा. जित्या लेकराचं वजन कसं रायते, ते मले ह्या चार दिवसांत समजलं. तुलेबी कवा घेतलं नाही, साठ वर्षांचा झालो तवा समजलं. तू काहून थांबतं? हे जितं हाय. घे."

मी वीस वर्षं वॉर्डात काढली होती. बायांचं रडणं मला रोजचं होतं. असं बोलणारा बाप मात्र मी पहिल्यांदाच बघत होते. जुळवलेले सगळे शब्द मी गिळून टाकले.

धर्मेंद्रने शर्टाची बटणं काढली. मी पोर त्याच्या छातीवर ठेवली, पट्टी बांधली. त्याने बापाकडे बघितलं नाही. पोरीकडे बघितलं, आणि हमसून हमसून रडायला लागला. नथ्थूबाबा म्हणाले, "रडू नको बे, हालते ते." आणि स्वतः घोंगडीत तोंड खुपसलं.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नथ्थूबाबांचे थोरले भाऊ महागूबुवा गावाहून आले. पंचाहत्तरीचे, घरातले कर्ते, पांढऱ्या मिशा, हातात काठी. आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे अशी नावं ठेवतात, महागू, नथ्थू. नाक टोचायचं, नाव भलतंच ठेवायचं, म्हणजे मरण फसतं. या दोघांच्या आईने सात बाळंतपणं काढून दोन राखले होते. महागूबुवांनी वऱ्हांड्यात पाऊल टाकलं आणि समोर धर्मेंद्र, उघडा, छातीला पोर बांधलेली. तो गडबडून उठायला लागला, पट्टीची गाठ शोधायला लागला.

"बस," नथ्थूबाबा म्हणाले.

"काय तमाशा चालू हाय हा?" महागूबुवांनी काठी आपटली. "लाज गिज हाय का नाही? मी आलो हाओ, दिसून नाही राह्यलं?"

नथ्थूबाबांनी उभ्या आयुष्यात भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं, हे मला नंतर गोदाबाईने सांगितलं. त्यांनी हात जोडले. "दादा, तुमाले पाहावत नसन त तुम्ही तोंड तिकडं करा. पोरगा उठनार नाही."

म्हातारा लालबुंद झाला. वाटलं आता निघून जाईल. गेला नाही. बाकावर बसला आणि खरंच भिंतीकडे तोंड केलं. सारी दुपार तसाच. येणारेजाणारे बघून जायचे की हा बुवा भिंतीशी काय बोलतो आहे. कारण अधूनमधून तो भिंतीला विचारायचा, "दूध पेली काय?" भिंतीच्या वतीने मी सांगायचे, "हौ, पेली."

चार वाजता मी वजन केलं. दोनदा केलं, माझा विश्वास बसेना म्हणून. मग पोर घेऊन धावतच बाहेर आले आणि ती धर्मेंद्रच्या छातीशी परत दिली. "बाराशे पन्नास! तीस ग्रॅम वाढली!"

गोदाबाईने लांबूनच दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. धर्मेंद्र हसला, पहिल्यांदाच. आणि महागूबुवा बाकावरच गर्रकन वळले. "दाखव," म्हणाले. धर्मेंद्र त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, पोर छातीशी धरून. म्हाताऱ्याने वाकून ते इवलंसं तोंड बघितलं, किती तरी वेळ. मग भावाला म्हणाले, "मीबी नव्हतं गा घेतलं, नथ्थू. एकबी नव्हतं घेतलं." आणि काठी टेकत नळाकडे निघून गेले.

त्यानंतर वजन वाढतच गेलं. फुलवंता बसायला लागली तशी पोर तिच्याकडे गेली, पण रोज दुपारची पाळी धर्मेंद्रने सोडली नाही. बायकोच्या खाटेशी स्टूल घेऊन बसायचा, सगळ्या वॉर्डासमोर. मी पुरुषांना आत येऊ देत नसे. त्याला येऊ दिलं. नियम मीच केला होता, मीच मोडला. महिनाभराने, साडेसतराशे ग्रॅमची झाल्यावर, आम्ही तिला घरी सोडलं.

होळीच्या आठ दिवस आधी ते तिला दाखवायला आले. बसने आले, सगळे. गोदाबाईचा खोकला गेला होता. मी पोर काट्यावर ठेवली. दोन किलो सातशे. गाल आलेले, मांड्यांना वळ्या, आणि काटा गार लागला म्हणून असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण दचकली. नाव श्रुतिका ठेवलं म्हणे. मला वाटलं होतं आशालता ठेवतील. मी तोंडावर बोलूनही दाखवलं. फुलवंता लाजून म्हणाली, "दुसरीले ठेवू, बाई." मी म्हटलं, "दुसरीची घाई नको."

त्या दिवशी आमच्याकडे भरवेलीच्या खाण कॉलनीतलं एक कुटुंब आलेलं होतं. बाळ चौदाशे ग्रॅमचं, आई तापाने अंथरुणात. बाळाचा बाप खेमराज खांबाच्या मागे उभा, आणि त्याचा म्हातारा बाप, दम्याने बेजार, बाकावर. तेच सगळं पुन्हा. मी सकाळपासून दोनदा ओरडून झाले होते. तिसऱ्यांदा ओरडायला पदर खोचला.

"बाई, तुम्ही थांबा," नथ्थूबाबा म्हणाले.

ते त्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. तंबाखूचा बटवा काढला. वऱ्हांड्यात तंबाखूला माझी सक्त मनाई होती. मी दुसरीकडे बघितलं.

"तुमचं पोरगं तिकडं काहून उभं हाय, मालूम हाय न तुमाले?"

"हौ," तो म्हातारा धापत म्हणाला. "रीत हाय आपली."

"माह्याबी घरी तेच होतं. माह्या पोरानं माह्यासमोर उचललं. मीच लावलं उचलायले." त्यांनी धर्मेंद्रकडे बोट दाखवलं. श्रुतिका त्याच्या खांद्याशी पडून स्वतःची मूठ चोखत होती. "ते पाहा, केवढी झाली. आन माही इज्जत? इथंच हाय. तुमच्या बाजूले बसून तंबाखू खाऊन राह्यली."

म्हातारा हसला नाही. त्याने श्रुतिकाकडे बघितलं. मग खांबाकडे वळून, दम नसलेल्या आवाजात, जमेल तितक्या मोठ्याने म्हणाला, "खेमराज! काढ बे कमीज. मी इथंच हाओ."

खेमराजला एवढी घाई झाली की बटणं निघेनात. त्याने शर्ट तसाच डोक्यावरून ओढला, तो टर्रकन फाटला, आणि मी बाळ आणायला आत पळाले.